इथल्यांची रांग

बँकॉकच्या विमानतळावर परदेश्यांच्या रांगेतून योर्गन खिडकीशी पोचला. अधिकारी बाईंनी त्याच्या हातातल्या डब्याकडे बोट केलं. “हे काय?”

“माझी बायको, लम्दुआन. अस्थी गावी नेतोय.”

“पोचलो म्हणून बायकोला सांगितलंत?”

“नाही.”

“अहो, न सांगता नेलंत तर त्यांचा जीव मागेच राहील ना! आणि या रांगेत कशाला उभं केलंत? त्या इथल्याच ना?”

बाईंनी डबा दोन्ही हातांनी उचलला आणि थाई लोकांच्या दारातून नेला. “मावशी, आलं हं घर. आता उजवीकडे वळायचं.” डबा पलीकडच्या बाकावर ठेवून त्या परतल्या. त्यांनी पासपोर्टवर शिक्का मारला. योर्गनने हात जोडले.

तीस वर्षं दर खेपेला लम्दुआन त्या दारातून आधी सुटायची आणि पलीकडे त्याची वाट बघत थांबायची. आजही थांबली होती.