टेकडीच्या पोटात

वास्तुकलेच्या पुरस्कारासाठी केलेल्या अर्जातले माझेच एक वाक्य आठवले, की आजही मान खाली जाते: ‘या वाइनरीत माणूस आणि निसर्ग यांच्यामध्ये भिंतच नाही.’

इमारत मी टेकडीच्या पोटात बसवली होती. भिंती तिथल्याच मातीच्या, छपरावर गवत, आणि तळघर जमिनीच्याच गारव्यावर थंड राहणारे. पाहणीला आलेल्या परीक्षकबाई वरच्या काचेच्या दालनातून द्राक्षमळ्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिल्या. “टेकडीनेच बांधलेली दिसते. तुम्ही काय, नुसती सही ठोकलीत?” त्या हसून म्हणाल्या. मी फुशारून त्यांना तळघरात नेले.

टाक्या धुणाऱ्या मावशींनी आम्हाला पाहून पाण्याची नळी बंद केली.

“कसं वाटतं हो इथे दिवसभर?” बाईंनी विचारले.

“गारेगार! उन्हाचा त्रास म्हणून नाही,” मावशी म्हणाल्या. मी विजयी मुद्रेने बाईंकडे पाहिले.

मग मावशी जरा संकोचून माझ्याजवळ सरकल्या.



“दादा, तुम्ही वरून आलात ना? बाहेर आभाळ आलंय का हो? सकाळी गाद्या उन्हात टाकून आलेय.”