बत्तीस व्हायोलिनं आणि एक गिरणी

“बाबा, गिरणी बंद करा. तासभरच.”

कोंडाजीनं पोरीकडं पाहिलं. भाताचा ऐन हंगाम. दारात पोत्यांची रांग आणि रांगेच्या टोकाला स्वतःच्याच पोत्यावर मांडी घालून बसलेली अक्काबाई.

“बंदच करू म्हणतेस, तेजू?” त्यानं दोनदा विचारलं.

“हो. सिनेमाच्या मॅडम येतायत. तुमच्या या कण्हणाऱ्या मशीनपुढं त्यांना काय कपाळ ऐकू येणार?”

मशीन कण्हत होतं हे खरंच. सहा वर्षांपूर्वी बेअरिंग गेलं, तेव्हापासून घोटीच्या त्या गल्लीत दिवसभर एक लांबलचक ‘ऊंऽऽ’ भरून असायचं. फिटर दर महिन्याला म्हणायचा, बदला. कोंडाजी दर महिन्याला म्हणायचा, पुढच्या महिन्यात. आपला बाप चिकट आहे, एवढाच अर्थ तेजस्विनीनं त्यातून काढला होता.

ती स्वतः गिरणीमागच्या खोलीत लॅपटॉपवर ऑर्केस्ट्रा चालवायची. बत्तीस व्हायोलिनं, बारा चेलो, सहा हॉर्न. यातलं एकही वाद्य तिनं प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. वाद्यांनीही घोटी पाहिली नव्हती, म्हणजे फिट्टंफाट. तिला सिनेमाला संगीत द्यायचं होतं. गाणी नव्हे, गाण्यांच्या मधलं. धुकं, वाट बघणं, दार उघडण्याआधीचा क्षण. सात दिग्दर्शकांना तिनं फाइली पाठवल्या. सातही जणांनी कळवलं, छान आहे, पण काहीतरी कमी आहे. काय कमी आहे, ते एकालाही सांगता आलं नाही. आठव्या ज्योत्स्ना मॅडम. धुक्यातल्या गावाच्या सिनेमासाठी जागा बघत त्या इगतपुरीपर्यंत आल्या होत्या. ‘समोर बसून ऐकते,’ म्हणाल्या. इथंही नाही जमलं तर नाशिकला मामाच्या दुकानात मोबाइलला काचा चिकटवायच्या, असं तेजस्विनीनं घरी कबूल केलं होतं.

कोंडाजीनं लाल बटण दाबलं. पट्टा फडफडला आणि थांबला.

मॅडम प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या. संगीत सुरू झालं. व्हायोलिनं वर चढली आणि तिथंच लोंबकळत राहिली. इमारत होती, तळमजला नव्हता. तेजस्विनीनं आवाज वाढवून पाहिला. रोज तर भरगच्च वाजतं हे! मॅडमनी हळूच घड्याळ पाहिलं.

“छान आहे,” त्या म्हणाल्या. “पण...”

“काहीतरी कमी आहे,” तेजस्विनीनंच वाक्य पुरं केलं.

तेवढ्यात बाहेर कुणीतरी हंबरडा फोडला. तेजस्विनी दाराशी धावली.

अंगणात पन्नासेक माणसं जमली होती. टोप्या हातात, उपरणी खांद्यावर. वीज गेली तर सगळ्या गल्लीची जाते. पण पंखे चालू आणि हंगामात भरदुपारी गिरणी बंद, याचा अर्थ घोटीत एकच होतो. घरात कोणीतरी गेलं. बाजारपेठेतल्या, तिरड्या बांधणाऱ्या वाल्मीकनं दोन बांबू आणून भिंतीला टेकवलेसुद्धा होते.

अक्काबाईनं तेजस्विनीच्या गळ्यात हात टाकले. “कोण गेलं गं माझे बाय?”

“कोणी नाही गेलं, आजी.”

“मग गिरणी का बंद हाय?”

“मॅडमना संगीत ऐकवतेय.”

अक्काबाईनं मॅडमकडं बघून मान हलवली. “मुंबईहून आल्या ना? तोंड बघायला मिळालं का?”

खोलीत लॅपटॉप वाजतच होता. व्हायोलिनं ऐकून मागच्या दोन बायांनी नव्यानं गळा काढला.

“अरे, कोणी मेलं नाय!” कोंडाजी ओरडला.

“धक्का बसलाय त्याला,” वाल्मीक म्हणाला. “धरा रे. आणि मडकं बी आणलंय मी. दुकानदार परत घ्यायचा नाय.”

दोघांनी धरलंच. कोंडाजीनं त्यांना हिसडा दिला, गिरणीत शिरला आणि पुरावा म्हणून हिरवं बटण दाबलं.

ऊंऽऽऽ.

भिंत थरथरली. लोंबकळणाऱ्या बत्तीस व्हायोलिनांना खाली पाय टेकायला जमीन मिळाली. चेलो आले, हॉर्न आले, सगळे त्या कण्हण्यावर पाय रोवून उभे राहिले. त्या उन्हात, धुळीत, तुसात, अंगणभर धुकं उतरलं. पन्नास माणसं मयताला आलेली होती. त्यांतलं एकही हललं नाही. वाल्मीक स्वतःच्या बांबूला टेकून खाली बसला. ज्योत्स्ना मॅडम कधी उभ्या राहिल्या, त्यांनाही कळलं नाही.

संगीत थांबलं. गिरणी चालूच होती.

“सिनेमा तुझा,” मॅडम म्हणाल्या. “आजपासून. पण तो खालचा स्वर... कुठलं वाद्य आहे ते?”

तेजस्विनी भिंतीकडं बघत राहिली. तो स्वर तिनं कधी लिहिलाच नव्हता. लिहायची गरजच पडली नव्हती. सहा वर्षं तो भिंतीतून आयता येत होता, आणि बाहेर पाठवलेल्या सातही फाइलींत तो नव्हता.

कोंडाजी ओशाळला. “बेअरिंग गेलंय मॅडम. बदलतो.”

“हात लावायचा नाही!” दोघी एकदम ओरडल्या.

मग तेजस्विनी हसायला लागली. “नशीब माझं, तुम्ही एवढे चिकट आहात, बाबा.”

कोंडाजीनं गिरणीतल्या कोनाड्यात, गणपतीच्या तसबिरीमागं हात घातला आणि तेलकट कागदात गुंडाळलेलं नवं बेअरिंग काढून तिच्या हातावर ठेवलं.

“पहिल्याच वर्षी आणलंय,” तो म्हणाला. “पावसाळ्यात गपचूप बसवलं बी होतं. दीड दिवस तुला काय सुचंना. मग जुनंच परत टाकलं.”