सरळ सॅक्सोफोन

बँडमास्तरांनी तालमीच्या खोलीत सगळ्यांसमोर मला माझा सॅक्सोफोन पेटीत ठेवायला लावला. “पहिल्या रांगेत हे वाकडं चालणार नाही. सगळे सनईसारखे सरळ सॅक्सोफोन धरून उभे, आणि मध्येच तुझी ही चिलीम.”

“सूर तोच आहे ना, मास्तर? तुम्ही डोळे मिटून ऐकता, तेव्हा कधी फरक कळला का?” मी आवाज चढू दिला नाही. “सरळ वाद्याचा सगळा भार उजव्या अंगठ्यावर येतो. हे पट्ट्याने गळ्यात अडकवता येतं. डॉक्टरांनी मला अंगठा जपायला सांगितलंय.”

“अंगठ्याचं कौतुक मला नको सांगूस. तुझ्या बाबांनी याच रांगेत तीस वर्षं सरळ सॅक्सोफोन वाजवला, पण तोंडातून चकार शब्द काढला नाही. आणि यायचे कसे? कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. एक बटण कधी उघडं दिसलं नाही. अशा माणसाच्या पोटी हे रडगाणं यावं.”

मागे कोणीतरी खुसखुसलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी पेटी उघडली, वाद्य गळ्यात अडकवलं आणि पहिल्या रांगेत माझ्या जागेवर जाऊन उभी राहिले.

“ती बटणं मी लावायचे, मास्तर,” मी म्हणाले. “सातवीत असल्यापासून, रोज.”