भट्टीची दृष्ट

अंगणातल्या भट्टीचं दार उघडलं आणि मिनलने डोळेच मिटून घेतले. आधीच्या दोन मूर्ती आतच तडकल्या होत्या. ही तिसरीही गेली तर शिल्पं सोडून मुकाट्याने कुंड्या करायच्या, असं तिने नवऱ्याला, निहारला, सांगून ठेवलं होतं.

"अख्खी आहे गं," निहार म्हणाला.

उकिडवी बसलेली, पाठमोरी बाई. मुर्ध्याच्या मिठागरात जन्म गेलेल्या सासूला, नागूबायला, समोर बसवून मिनलने ती घडवली होती. मातीचा कोरडा, उघडा रंग हवा म्हणून तिने चकाकीचा लेप मुद्दाम लावला नव्हता. आणि आता पाठभर ओली चकाकी पसरली होती.

मिनलचा चेहरा उतरला. तिने चकाकीवरून बोट फिरवलं.

"हे मिठाचं काम आहे. तापलेल्या भट्टीत मीठ पडलं की माती अशी चकाकते. कोणी टाकलं?"

नागूबाय पदराचं टोक चाचपू लागली.

"आई?"

"दोन फुटल्या ना गो. मना वाटला, कोनाची तरी नजर लागली. तू जेवाला गेलीस, तवा मीठ-मोहऱ्या ओवालल्या नि टाकल्या भट्टीच्या त्या भोकान."

निहारला हसू आवरेना. मिनलला खरं तर चिडायचं होतं, पण सासू केव्हाच मूर्तीपाशी वाकली होती. मातीच्या जोडांच्या रेघा बांधांसारख्या उठल्या होत्या आणि मधल्या चौकोनांत पाणी साचल्यासारखं दिसत होतं.

"ह्यो तं आपला आगर!" नागूबायने एका रेघेवर बोट ठेवलं. त्या आगरावर आता टॉवर उभे होते. "ह्यो बग बांध. इकरून पानी घेवाचो."

निहारचं हसू थांबलं. तो चित्रकार. वर्षानुवर्षं तोच आगर निळ्या-करड्या पट्ट्यांत रंगवत होता आणि आई दर चित्राला 'फडका' म्हणायची.

"आई, मी इतकी वर्षं हेच रंगवतोय. तुला कधी दिसलं नाही?"

"तुज्या चित्रान मीठ कुठं हाय?"

मिनलने सासूला घट्ट मिठी मारली. इतकी माया कधी दाटून आली नव्हती तिच्याबद्दल.

"आई, पुढच्या वेळी मला सांगून टाका. किती, कुठून, मी दाखवेन. अगदी अशीच दुसरी करू."

"सांगून टाकला तं ती दिष्ट कसली?"

पुढच्या वेळी भट्टी रसरसली, तेव्हा मिनलने भोकावरची वीट काढून ठेवली.

"मी जेवायला जाते हं, आई," ती मोठ्याने म्हणाली आणि घरात गेली.

तिचं जेवण मघाशीच झालं होतं.