सवलतीचं कारण

सलग चौथ्या दिवशी यशश्री खेळायला आली नाही, तेव्हा नंदाताई स्वतःच महाराजपूरला तिच्या घरी गेल्या.

हिंदी मुलखातल्या त्या शहरात मराठी मंडळाच्या हॉलमध्ये टेबल टेनिस शिकणाऱ्या पोरांत यशश्रीसारखा हात कुणाचा नव्हता. यंदा उन्हाळी वर्गाची फी सहाशेवरून बाराशे झाली. नंदाताई समितीत एकट्या भांडल्या आणि गरजू घरांसाठी ती निम्मी करून घेतली. कुणी उगाच फायदा घेऊ नये म्हणून अर्जात एक रकानाही त्यांनीच घालायला लावला : 'सवलत मागण्याचे कारण'. मुलांनी तो स्वतःच्या हातानं, मराठीत भरायचा. खाली वडिलांची सही. तेवढंच पोरांचं मराठी लिहिणं होईल, असं त्यांना वाटलं होतं.

दार यशश्रीच्या वडिलांनी, बापूंनी उघडलं. दाढी वाढलेली. कारखान्यातलं त्यांचं ठेक्यावरचं काम दिवाळीतच सुटलं होतं. यशश्री मैत्रिणीकडे गेली होती.

"बापू, अर्ज काहून नाही दिला? निम्मी फीसुद्धा जड होत असेल तर मी भरते."

"फीसची गोष्ट नाही, ताई."

बापू आत गेले. कपाटातल्या कपड्यांखालून त्यांनी घडी घातलेला अर्ज काढून आणला. "हरवला म्हणून सांगितलं तिला."

नंदाताईंनी घडी उघडली. सुबक, गोल अक्षर. कारणाच्या रकान्यात एकच ओळ होती : 'माझे वडील काही कामाचे नाहीत.' सहीची जागा कोरी होती.

त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग त्या घाईघाईनं म्हणाल्या, "अहो, हिंदी शाळेतली पोर ती! वडिलांना काम नाही, असं लिहायचं असेल तिला. मराठी चुकलं, बस."

"मीही स्वतःला तेच समजावतो."

नंदाताईंनी पर्समधून पेन काढलं आणि तो रकाना पार काळा करून टाकला. बापूंनी खाली सही केली.

"उद्या पाठवा तिला," उठताना त्या म्हणाल्या. "आणि एकदा विचारून घ्या. हसेल ती."

बापूंची नजर अजून त्या काळ्या चौकोनावरच होती.

"रोज ठरवतो, ताई," ते म्हणाले. "विचारायची हिंमत नाही होऊन राहिली."