नदीपलीकडची शाळा

कॅलिस्टाने घड्याळाचा लंबक बोटाने धरून थांबवला आणि आरशावर काळं कापड टाकलं. मग ती पुन्हा वडिलांच्या उशाशी येऊन उभी राहिली. एझ्रा हार्ग्रोव्ह पहाटे गेले होते. डोळे तिनेच मिटले होते.

त्या डोळ्यांना अलीकडे छापील अक्षर दिसत नसे. रोज संध्याकाळी दार लावून ती त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. कुणी पाहुणा आला की ते उशीखाली जाई आणि तिच्या हातात शिवण येई. तिने वाचावं हे अलाबामाच्या त्या डोंगराळ भागात कुणाला रुचलं नसतं.

वर्तमानपत्रात महिनाभर एकच विषय होता. उत्तरेचा माणूस राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला होता. आता अलाबामाने देशातून फुटून निघायचं की नाही? दक्षिणेकडचे कापूसवाले उतावीळ झाले होते. इकडच्या डोंगरातले लोक, ज्यांच्याकडे गुलाम थोडे किंवा नाहीतच, का-कू करत होते. हे ठरवायला राज्याची परिषद भरणार होती; तिच्या निवडणुकीत एझ्रा त्यांचे उमेदवार होते. "आपल्याजवळ जे आहे ते याच देशाच्या कायद्याने राखलंय," ते सभेत सांगत. "लढाई झाली तर हातात काही उरणार नाही."

आणि दार लावल्यावर तिला सांगत, "निवडणूक होऊ दे. मग तुला मी स्वतः उत्तरेत ओहायोला नेतो. नदी ओलांडून, थेट शाळेच्या दारापर्यंत."

प्रवासाची पेटीही त्यांनी आणून ठेवली होती. ती अजून रिकामीच होती.

कॅलिस्टा लहान असताना तिची आई दक्षिणेकडच्या मोबील बंदराला गेली ती परत आली नाही. घरात तो विषय कुणी काढत नसे. आता वडील गेले. राहिला ल्यूशस, तिचा थोरला भाऊ. दोघांचं नाक आणि हनुवटी एकाच साच्यातली होती.

दुपारी शेजारच्या मळ्यावरचे कर्नल टॉलिव्हर आले. म्हातारी स्वयंपाकीण ज्यूडी रडून रडून आडवी झाली होती, म्हणून कॉफी कॅलिस्टानेच नेली.

"उमेदवारी आता तुझ्याकडे आली, ल्यूशस," कर्नल म्हणाले. "पण बापाच्या सुरात गाऊ नकोस बाबा. वारं फिरलंय."

"डोंगरातले लोक फुटायला तयार नाहीत, कर्नल."

"होतील की. त्यांना सांग, उद्या गुलाम सुटले तर तुमच्या बांधाला बांध लावून जमीन मागतील, तुमच्या मुलांशेजारी बसतील. ज्याच्या गोठ्यात एकच लंगडं खेचर आहे, तोसुद्धा बंदूक घेऊन येतो की नाही बघ."

"बाबांना हे पटलं नसतं."

"तुझे बाबा मोठा माणूस. पण त्यांचा एक पाय कायम नदीपलीकडे." कर्नलनी कॉफी ढवळली. "बरं, तुझ्या मळ्यावर आता गुलाम किती? सव्वीस ना?"

"पंचवीस."

"मी मोजतो तर सव्वीस होतात."

ल्यूशसने कप पुढे केला. कॅलिस्टाने त्यात आणखी कॉफी ओतली.

"आणि ते ओहायोचं काय ऐकतोय मी?" कर्नलनी विचारलं.

"कॅलीला तिथल्या शाळेत घालायचं बाबांच्या मनात होतं."

"गावभर झालंय ते. तू उत्तरेला चव्हाट्यावर शिव्या घालणार आणि घरातून पोरगी उत्तरेला धाडणार? मतं राहू दे, नासकी अंडी मिळतील!"

"शब्द दिला होता त्यांनी."

"त्यांनी दिला. तू नाही."

कर्नल गेल्यावर कॅलिस्टा कप उचलायला आली. ल्यूशस खिडकीशी उभा होता.

"तुम्ही काय ठरवलंत?" तिने विचारलं. थोरल्या भावाला ती 'तुम्ही' म्हणे. घरची रीतच तशी होती.

"पेटी भरून ठेव. दफन झालं की निघायचं."

"म्हणजे उमेदवारी..."

"ते माझं मी बघतो." तो वळला नाही. "लहानपणी मी अक्रोडाच्या झाडावर अडकलो होतो, आठवतं? खालून तू सांगत होतीस, आता डावा पाय, आता उजवा."

"आणि उतरल्यावर तुम्ही सांगितलंत, मी स्वतःच उतरलो."

तो हसला. मग त्याने रुमाल डोळ्यांना लावला. बापासाठी रडतोय, असं तिला वाटलं.

रात्री तिने पेटी भरली. दोन झगे, सुयांची डबी आणि वडिलांचा चष्मा. त्याचा त्यांना पुढे उपयोग उरला नव्हता, तिलाही नव्हता. पण काड्या अजून त्यांच्या कानांइतक्याच वाकलेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी चर्च भरून गेलं. कॅलिस्टाने वरच्या सज्जातून, ज्यूडीच्या शेजारून पाहिलं, ल्यूशस पहिल्या बाकावर एकटाच बसला होता. पुढे दफनभूमीत ती सगळ्यांच्या मागे राहिली. गर्दीतून तिला खड्डा दिसला नाही, फक्त मातीचा आवाज आला.

मतदार एवढे जमले आहेत तर आत्ताच सांगून टाक, असं कर्नलनी सुचवलं असावं. फाटकाजवळच्या दगडावर चढून ल्यूशस म्हणाला, "मी अलाबामाच्या बाजूने उभा आहे. फुटायच्या बाजूने!" कुणीतरी टोपी हवेत उडवली, मग कुठे आहोत ते आठवून मुकाट्याने डोक्यावर ठेवली. पण पाठोपाठ टाळ्या पडल्या. आधी थोड्या, मग खूप.

आता शाळा राहिली, असं कॅलिस्टाला वाटलं. पण फाटकाबाहेर गाडी खरंच उभी होती आणि तिची पेटी वर बांधलेली होती. म्हणजे ल्यूशसने मतंही मिळवली होती आणि शब्दही पाळला होता. घोड्यांची तोंडं दक्षिणेला होती. पुढे गाडी वळवून घेतील, असं तिने धरलं.

ल्यूशसने हात देऊन तिला वर चढवलं. हात गार होता. मग तो चाकापाशी उभ्या असलेल्या कर्नलकडे वळला.

"मोबीलच्या बाजारात हिचं शिवणकाम तेवढं सांगा," तो हळू आवाजात म्हणाला. "वाचता येतं हे गिऱ्हाइकाला कळू देऊ नका. भाव पडतो."