मांडीवरचा डबा

ग्रीसमधल्या कवाला शहराच्या धक्क्यावरून बोट सुटली. डेकवर पोहायला निघालेली मंडळी छत्र्या, चटया घेऊन बसली होती. एका बाईच्या मांडीवर फक्त पत्र्याचा डबा होता. शेजारची मुलगी अंगाला तेल चोळत म्हणाली, "मावशी, केक वाटतं? किनाऱ्यावर वाढदिवस की काय?" "मुलगा आहे माझा," ती म्हणाली. मुलीचा हात थांबला. शहरातल्या दफनभूमीत जागा तीनच वर्षं मिळते. सकाळी तिच्या मुलाची, आर्गिरिसची, हाडं वर काढली, रिवाजाप्रमाणे वाइननं धुतली, डब्यात भरली. ती बघत उभी होती. रडू आलं नव्हतं. आता बेटावरच्या गावी न्यायची. "जड असेल. द्या, धरते मी." "नको गं. जन्मल्यावर इथल्या दवाखान्यातून याच बोटीनं ह्याला घरी नेलं, तेव्हाही एवढाच होता." लाटेसरशी डब्यात खडखडलं. ती समोरच बघत राहिली. मांडी मात्र आपसूक हलू लागली, झोपेतून दचकलेल्या बाळासाठी हलते तशी.